निवारा, आश्रय आणि अनोळखी माणसे : ‘बिनाइटेड’ व ‘द माउसट्रॅप’ यांच्या निमित्ताने

वादळात सापडलेली, परस्परांना अपरिचित असलेली काही माणसे एका छपराखाली येतात, बाहेर पडण्याची वाट बंद होते आणि रात्र सरेपर्यंत त्यांच्यापैकी प्रत्येकाचे मुखवटे गळू लागतात, हा रूपबंध रहस्यप्रधान साहित्यात इतका रुळलेला आहे, की त्याकडे स्वतंत्रपणे पाहण्याची गरज समीक्षेला सहसा भासत नाही. मराठीत तर रहस्यकथेचा विचार बाबूराव अर्नाळकरांची लोकप्रियता, वाचनालयांतील झिजलेल्या प्रती, ‘रंजनपर’ आणि ‘कलात्मक’ यांतील सीमारेषा अशा साहित्यबाह्य अथवा अर्धसाहित्यिक प्रश्नांभोवतीच बव्हंशी फिरत राहिला. रहस्यकथेची संहिता काय करते, तिची संरचना कोणती मूल्ये गृहीत धरते आणि कोणती झाकते, हे प्रश्न क्वचितच विचारले गेले. या रूपबंधाच्या दोन इंग्रजी आविष्कारांची येथे तपासणी केली आहे. जे. बी. प्रीस्टली यांची ‘बिनाइटेड’ ही कादंबरी १९२७ मधली, तर अगाथा ख्रिस्ती यांचे ‘द माउसट्रॅप’ हे नाटक १९५२ मधले. एक पहिल्या महायुद्धानंतरचे, दुसरे दुसऱ्या महायुद्धानंतरचे. रहस्य न फोडण्याचा संकेत या लेखात पाळलेला नाही. समीक्षेला तो पाळता येणेही शक्य नाही.

विवेचनाच्या सोयीसाठी मराठीतील दोन शब्दांमधला अर्थभेद उपयोगी पडेल. ‘निवारा’ आणि ‘आश्रय’ हे शब्द व्यवहारात पर्यायी म्हणून वापरले जातात. पण निवारा हा ऊन, पाऊस, वारा यांपासून असतो. तो झाडाखाली मिळतो, पडक्या देवळात मिळतो, आणि त्यासाठी कोणाची अनुमती लागतेच असे नाही. आश्रय मात्र कोणीतरी देतो आणि कोणीतरी घेतो. आश्रयदाता आणि आश्रित असे विषम नाते त्या शब्दाच्या पोटातच आहे. ‘अतिथी’ या शब्दाची परंपरेने केली जाणारी ‘ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो’ ही फोडही येथे लक्षात घेण्याजोगी आहे. वादळातल्या घराची कथा सुरू होते ती निवाऱ्याच्या मागणीने. दार ठोठावणाऱ्याला फक्त छप्पर हवे असते. दार उघडले जाताच मात्र निवाऱ्याचे रूपांतर आश्रयात होते, आणि मग ‘तू कोण?’ हा प्रश्न अपरिहार्य ठरतो. या रूपबंधातील ताणाचा उगम खुनापेक्षा या रूपांतरात अधिक आहे, अशी प्रस्तुत लेखाची धारणा आहे.

‘बिनाइटेड’ या शीर्षकाचे दोन अर्थ होतात : वाटेत रात्रीने गाठलेला, आणि अज्ञानाच्या अंधारात राहिलेला. वेल्सच्या डोंगराळ भागात मुसळधार पावसात, दरडी कोसळत असताना, फिलिप व मार्गारेट वेव्हर्टन हे दांपत्य आणि त्यांचा मित्र पेंडरेल एका जुन्या घराच्या दाराशी येतात. काही वेळाने सर विल्यम पोर्टरहाउस हा उद्योगपती आणि त्याच्यासोबत असलेली ग्लॅडिस ही नाट्यगृहातील नाचणारी तरुणीही तेथेच येऊन पोहोचतात. घरात फेम कुटुंब राहते. भित्रा होरेस, धर्मवेडी व बहिरी रेबेका, वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेला वृद्ध सर रॉडरिक, कुलपाआड ठेवलेला सॉल आणि मुका नोकर मॉर्गन, अशी ही मंडळी आहेत. भयकथेची सारी सामग्री येथे हजर आहे. तरीही कादंबरीचा गाभा जेवणाच्या टेबलावर आहे, वरच्या मजल्यावरील कुलूपबंद खोलीत नाही. जेवताना पाहुणे ‘सत्य’ नावाचा एक खेळ खेळतात. प्रत्येकाने स्वतःविषयी खरे बोलायचे, एवढाच त्याचा नियम.

या खेळात जे उघड होते ते गुन्हेगारीच्या अर्थाने रहस्य नाही. सामाजिक अपमानाने खचून मरण पावलेल्या पत्नीच्या आठवणीतून आपली धनलालसा जन्मली, हे पोर्टरहाउस सांगतो. पेंडरेल हा युद्धातून परतलेल्या पिढीचा प्रतिनिधी आहे. कशावरच विश्वास उरलेला नाही आणि विश्वास नसल्याचे दुःखही धडपणे करता येत नाही, अशी त्याची अवस्था. वेव्हर्टन दांपत्यातला दुरावा तर या अनोळखी लोकांसमोरच प्रथम स्पष्ट होतो. स्वतःच्या घरी, परिचितांच्या वर्तुळात, या माणसांना हे बोलता आले नसते. वादळाने त्यांचा भवताल तोडला, उद्या सकाळी पुन्हा भेट होण्याची शक्यता नाही, आणि म्हणून सत्याची किंमत तात्पुरती कमी झाली. आगगाडीच्या डब्यात अनोळखी सहप्रवाशाजवळ मन मोकळे करणारा माणूस याच न्यायाने बोलत असतो. प्रीस्टली यांनी या मानसशास्त्रीय सत्याचा कादंबरीच्या बांधणीसाठी अतिशय नेमका वापर केला आहे. येथे अनोळखीपण हा धोका नाही. ती बोलण्याची पूर्वअट आहे.

उत्तरार्धात मात्र कादंबरी आपल्याच सामग्रीच्या आहारी जाते. मॉर्गन दारू पिऊन बेफाम होतो, सॉलला मोकळे करतो, पेंडरेल त्याच्याशी झुंजतो आणि त्या झुंजीत दोघेही मरतात. नुकतेच ग्लॅडिसच्या सहवासात जगण्याची इच्छा परत मिळालेल्या माणसाचा मृत्यू घडवून आणण्यात एक स्वच्छंदतावादी सोय आहे. सत्याच्या खेळाने जे प्रश्न उभे केले त्यांना सकाळच्या उजेडात तोंड देण्याची जबाबदारी त्यामुळे निम्मी टळते. तरीही १९३२ मध्ये जेम्स व्हेल यांनी ‘द ओल्ड डार्क हाउस’ या नावाने केलेल्या चित्रपटात पेंडरेलला जिवंत ठेवले गेले, तेव्हा मूळ शेवटाचे मोल लक्षात येते. चित्रपट विनोदी भयपट म्हणून देखणा आहे, बोरिस कार्लोफ यांचा मॉर्गन विसरण्याजोगा नाही. पण पेंडरेल वाचताच युद्धाची सावली नाहीशी होते आणि वादळ केवळ हवामान उरते.

‘द माउसट्रॅप’कडे वळताना प्रथम त्याच्या प्रदीर्घ प्रयोगकाळाचा उल्लेख करावा लागतो, कारण त्या विक्रमाने नाटकाचे वाचनच जवळजवळ अशक्य करून टाकले आहे. ६ ऑक्टोबर १९५२ रोजी नॉटिंगहॅम येथे पहिला प्रयोग, २५ नोव्हेंबर १९५२ पासून लंडनच्या ॲम्बॅसडर्स थिएटरमध्ये, १९७४ पासून शेजारच्या सेंट मार्टिन्समध्ये, आणि मार्च २०२० ते मे २०२१ हा साथीच्या रोगाचा काळ वगळता सतत. प्रयोगांची संख्या २८ हजारांच्या पुढे कधीच गेली. पर्यटकांच्या यादीतील एक स्थळ म्हणून ते पाहिले जाते आणि समीक्षक त्याकडे स्मितहास्याने दुर्लक्ष करतात. भाषेच्या अंगाने पाहता हे दुर्लक्ष सर्वस्वी अन्यायाचे आहे असेही नाही. ख्रिस्ती यांचे संवाद कामापुरते आहेत, पात्रे ठरावीक साच्यांतून निघालेली आहेत. संरचनेच्या पातळीवर मात्र या नाटकात एक जखम आहे, आणि ती साच्यात मावत नाही.

मॉन्क्सवेल मॅनर या वारशाने मिळालेल्या वास्तूत मॉली व जाइल्स रॉल्स्टन हे तरुण दांपत्य अतिथिगृह सुरू करते. पहिलाच दिवस, बाहेर हिमवर्षाव, रस्ते बंद होत चाललेले. क्रिस्टोफर रेन, मिसेस बॉयल, मेजर मेटकाफ, मिस केसवेल येतात. गाडी बर्फात उलटल्याचे सांगत पॅराविचिनी हा आगंतुक येतो. शेवटी बर्फावरून स्कीवर घसरत डिटेक्टिव्ह सार्जंट ट्रॉटर पोहोचतो. लंडनमध्ये एका स्त्रीचा खून झालेला आहे आणि त्याचा धागा या घराशी जुळतो असे तो सांगतो. या घरातले पाहुणे पैसे देणारे आहेत. यजमानांनी त्यांची कोणतीही चौकशी केलेली नाही. अतिथीला नाव-गाव विचारू नये हा जुना संकेत येथे व्यापारी हलगर्जीपणाच्या रूपात उरला आहे, आणि ट्रॉटर त्याबद्दल यजमानांचीच कानउघाडणी करतो. प्रीस्टलींच्या घरात अनोळखीपणामुळे माणसे बोलती होतात. येथे त्याच अनोळखीपणामुळे प्रत्येक जण संशयित ठरतो. रेडिओवरून सांगितले गेलेले खुन्याच्या पेहरावाचे वर्णन, गडद कोट, फिकट गळपट्टा, मऊ टोपी, घरातल्या अनेकांना लागू पडते. इतकेच काय, जाइल्स आणि मॉली एकमेकांकडेही संशयाने पाहू लागतात, कारण दोघेही त्या दिवशी परस्परांना न सांगता लंडनला जाऊन आलेले असतात. लग्नाला जेमतेम एक वर्ष झालेले हे दांपत्य एकमेकांना कितपत ओळखते, हा प्रश्न नाटक विचारते आणि झटकन मिटवून टाकते. दोघेही वाढदिवसाच्या भेटवस्तू आणायला गेले होते म्हणे, लग्नाच्या. हा खुलासा नाट्यदृष्ट्या फार दुबळा आहे.

त्झ्वेतान तोदोरोव यांनी १९६६ च्या आपल्या निबंधात रहस्यकथेत दोन कथा असतात असे दाखवून दिले : गुन्ह्याची कथा आणि तपासाची कथा. पहिली घडून गेलेली पण अनुपस्थित, दुसरी समोर घडणारी पण स्वतःचे महत्त्व नसलेली. ‘द माउसट्रॅप’मध्ये अनुपस्थित कथा लंडनच्या खुनाची नसून त्याच्याही मागची आहे. लाँगरिज फार्म या शेतघरी तीन भावंडांना सांभाळण्यासाठी ठेवले गेले होते. त्यांच्यापैकी जिमी हा धाकटा मुलगा तेथील छळाने मेला. मुलांना तेथे पाठविण्याच्या निर्णयात मिसेस बॉयल न्यायदंडाधिकारी म्हणून सहभागी होती. त्या मुलाने मदत मागणारे पत्र आपल्या शिक्षिकेला लिहिले होते. ती शिक्षिका म्हणजे मॉली. ती आजारी होती, पत्र वेळेवर वाचले गेले नाही. मिस केसवेल ही त्या भावंडांतील बहीण, आणि स्वतःला सार्जंट ट्रॉटर म्हणवून घेणारा तरुण हा थोरला भाऊ जॉर्जी, तोच खुनी.

ही कथा कल्पनेतून आलेली नाही. डेनिस ओ’नील हा बारा वर्षांचा मुलगा ९ जानेवारी १९४५ रोजी श्रॉपशरमधील मिन्स्टर्लीजवळच्या बँक फार्म या शेतघरी मरण पावला. तो व त्याचा भाऊ टेरेन्स यांना वेल्समधील न्यूपोर्टच्या स्थानिक प्रशासनाने तेथे सांभाळण्यासाठी ठेवले होते. शेतमालकाला मनुष्यवधाबद्दल सहा वर्षांची, त्याच्या पत्नीला हेळसांडीबद्दल सहा महिन्यांची शिक्षा झाली. सर वॉल्टर मंक्टन यांनी चौकशी केली. १९४८ च्या बालकविषयक कायद्यामागे या प्रकरणाने निर्माण केलेला लोकक्षोभ हे एक कारण होते. त्या मृत्यूला अडीच वर्षेही झाली नव्हती, तेव्हा ३० मे १९४७ रोजी ख्रिस्ती यांची ‘थ्री ब्लाइंड माइस’ ही श्रुतिका बीबीसीवरून प्रसारित झाली. निमित्त होते राणी मेरी यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाचे. याच श्रुतिकेचा विस्तार म्हणजे ‘द माउसट्रॅप’. एका पोरक्या झालेल्या मुलाचा मृत्यू राजघराण्यातील वाढदिवसाच्या मनोरंजनाचा विषय व्हावा, यातील विसंगती त्या काळच्या श्रोत्यांना कितपत टोचली असेल? नावे बदलली होती, पण वृत्तपत्रे वाचणाऱ्या श्रोत्याला संदर्भ परका नव्हता.

येथे निवारा आणि आश्रय यांतील भेद नाटकाच्या आशयसूत्रापर्यंत नेता येतो. रंगमंचावर दिसते ते घर बर्फापासून निवारा देणारे आहे. न दिसणारे घर, म्हणजे लाँगरिज फार्म, हे शासनाने मिळवून दिलेले आश्रयस्थान होते, आणि तेथेच आश्रित मारला गेला. वरवर पाहता बंद घरात खुनी शिरला अशी ही कथा आहे. परंतु खुनी ज्या घरातून आला ते घर अधिक बंद होते. त्याला हिमवादळाची गरज नव्हती. शेजाऱ्यांचे मौन आणि अधिकाऱ्यांची कागदोपत्री तत्परता एवढ्यावर ते बंद राहिले. डब्ल्यू. एच. ऑडन यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द गिल्टी व्हिकरेज’ या निबंधात म्हटले, की रहस्यकथेला बंदिस्त समाज हवा असतो आणि गुन्हेगार सापडताच तो समाज पुन्हा निष्पाप झाल्याचे समाधान वाचकाला मिळते. ‘द माउसट्रॅप’ला हे समाधान पुरते देता येत नाही. गुन्हेगार सापडतो, पण ज्यांना मारायला तो निघाला होता त्या मंडळींपैकी सर्वस्वी निष्पाप असे कोणीच नाही. मॉलीचा दोष दोष म्हणण्याजोगा नसला, तरी न उघडलेले पत्र ही वस्तू नाटकात राहतेच.

खुन्याने पोलिसाचे सोंग घ्यावे ही क्लृप्ती सामान्यतः ख्रिस्ती यांच्या चातुर्याचा नमुना म्हणून सांगितली जाते. तिच्यातला अधिकाराचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. दूरध्वनी बंद पडलेला आहे, पडताळा घेण्याचा मार्ग नाही, आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, अनोळखी माणसांच्या त्या समूहातल्या सर्वांत अनोळखी माणसाला सर्व जण उत्तरे देतात. तो प्रश्न विचारतो एवढेच त्याच्या अधिकाराचे प्रमाण. शेवटी तो मिसेस बॉयलच्या खुनाच्या वेळी कोण कोठे होते याचा पुनःप्रयोग करायला लावतो. ‘हॅम्लेट’मधल्या ज्या नाटकातील नाटकावरून हे शीर्षक घेतले गेले, तेथे पुनःप्रयोगाने अपराधी सापडतो. येथे अपराधीच पुनःप्रयोगाचा सूत्रधार आहे आणि त्या आधाराने पुढच्या बळीला एकटी गाठतो.

उसन्या अधिकाराचा हा धागा मराठी वाचकाला अपरिहार्यपणे विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) कडे नेतो. तेथे वादळ नाही आणि माणसे एकमेकांना चांगली ओळखतात. पण सभागृहाच्या दाराची कडी आहे. आरंभी तिच्यात लीला बेणारेचे बोट चिमटते आणि पुढे तेच दार तिला बाहेर जाऊ देत नाही. ‘सत्य’ हा प्रीस्टलींच्या कादंबरीतला खेळ स्वेच्छेचा होता. तेंडुलकरांच्या नाटकात खेळाचे नाव कायम राहते आणि स्वेच्छा निघून जाते. काशीकरांचे न्यायाधीशपण ट्रॉटरच्या पोलिसपणाइतकेच खोटे, तरी त्यांच्यासमोर बेणारेला उभे राहावे लागते. फरक असा, की तेंडुलकरांना खुनाची, प्रेताची, ओळख उघड होण्याच्या धक्क्याची गरज वाटत नाही. चौकशी हीच त्यांच्या लेखी हिंसा आहे. ख्रिस्ती यांच्या नाटकातही चौकशीची हिंसा आहे, पण तिच्यामागे लपलेला सुरा दाखवून त्या प्रेक्षकाला दिलासा देतात : चौकशी वाईट ठरली ती चौकशी करणारा खोटा होता म्हणून. काशीकरांच्या बाबतीत हा दिलासा मिळत नाही.

प्रयोगाच्या अखेरीस प्रेक्षकांना खुन्याचे नाव बाहेर सांगू नका अशी विनंती करण्याची प्रथा आहे. ख्रिस्ती यांनी याच कथानकावरील आपली दीर्घकथाही नाटक चालू असेपर्यंत ब्रिटनमध्ये प्रसिद्ध होऊ दिली नाही. व्यावसायिक दृष्टीने हे समजण्याजोगे आहे. पण ज्या कथेच्या मुळाशी कोणी वेळेवर न बोलल्याने झालेला मृत्यू आहे, तिच्या प्रेक्षकांकडून मौनाचे वचन घेतले जाते, हेही नोंदवायला हवे. प्रत्यक्षातला धाकटा भाऊ टेरेन्स याने खटल्यात साक्ष दिली होती आणि २०१० मध्ये आपली हकिकत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. तो सूड घेणारा वेडा झाला नाही. छळ सोसलेले मूल मोठेपणी खुनी होते हे समीकरण ख्रिस्ती यांनी गृहीत धरले. त्या काळच्या लोकप्रिय मानसशास्त्राला ते मान्य असेल, परंतु त्यामुळे पीडितालाच धोका मानण्याची सोय होते. नाटकातील हा सर्वांत गंभीर दोष आहे, आणि तो रचनेतला नसून दृष्टीतला आहे.

अकिरा कुरोसावा यांच्या ‘राशोमोन’ (१९५०) या चित्रपटातही क्योटोच्या पडक्या वेशीखाली पावसामुळे तीन माणसे थांबलेली आहेत, आणि शेवटी तेथे टाकून दिलेले एक तान्हे मूल सापडते. एक जण त्याचे कपडे काढून घेऊन जातो. लाकूडतोड्या मूल घरी नेतो. निवाऱ्याचे आश्रयात रूपांतर होताना जो प्रश्न पडतो, देणारा कोण आणि तो विश्वासू कशावरून, तो तेथे अनुत्तरित ठेवूनही कृतीत उतरवला आहे. लाकूडतोड्या स्वतः खोटे बोललेला आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते.

‘द माउसट्रॅप’च्या शेवटच्या काही मिनिटांत याच्या जवळ जाणारा एक क्षण आहे, आणि बहुतेक वाचक त्यावरून घाईने पुढे जातात. मॉलीचा गळा आवळला जात असताना मिस केसवेल येते, जॉर्जीला त्याच्या लहानपणच्या नावाने हाक मारते, आपण कॅथी असल्याचे सांगते आणि त्याला शांत करून वर घेऊन जाते. त्याला अटक करणारा खरा पोलीस तेथेच उपस्थित असूनही, प्रथम पुढे होते ती बहीण. संपूर्ण नाटकात ओळख पटणे म्हणजे संशयिताचे सोंग उतरणे. केवळ येथे ती ॲरिस्टॉटलच्या अभिज्ञानाच्या अर्थाने येते : रक्ताच्या नात्याची ओळख, आणि तिच्यामुळे थांबलेला वध. नाटककर्तीने या प्रसंगाला फारच थोडी जागा दिली आहे. भावंडे जिना चढून गेल्यावर त्यांचा विषय संपतो, आणि रंगमंचावर जाइल्स-मॉलीच्या भेटवस्तूंची देवघेव सुरू होते, स्वयंपाकघरात काहीतरी करपल्याचा वास येतो. वरच्या खोलीत ती दोघे काय बोलत असतील याचा विचार करायला दिग्दर्शकाला संहिता मना करत नाही. जिन्यावरचा दिवा काही क्षण तसाच ठेवणे एवढ्यानेही त्या प्रसंगाचा तोल बदलू शकेल.